हसण्याचा खुलासा

ऑफिसात खोखोबाई हसल्या, यात बातमी अशी काहीच नव्हती. मजल्यावर कुठं खळखळाट झाला की लोक मान वर न करता "खोखोबाई" एवढंच म्हणत आणि पुन्हा कामाला लागत; निदान कामासारखं जे काही चाललेलं असे, त्याला लागत. हजेरीपटावर बाईंचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या खोखोबाईच.

या वेळी मात्र त्या हसल्या त्या शोकसभेत.

ऑफिस वजनमापांचं. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर "अहो, कालपर्यंत तर बरोबर होतं!" हे ऐकून घ्यायचं, असं तिथलं काम. जुने साहेब निवृत्तीनंतर काही वर्षांनी वारले, म्हणून परीक्षण कक्षात सभा ठेवली होती. भिंतीच्या कपाटांत पितळी वजनं उंचीनं उभी, मध्ये खुर्च्या आणि पुढच्या रांगेत जुन्या साहेबांच्या पत्नी. नव्या साहेबांनी भाषण केलं. त्यात जुन्या साहेबांपेक्षा नवे साहेबच जास्त वेळा आले, पण ते असो. मग सगळे दोन मिनिटं शांततेसाठी उभे राहिले.

शांतता अगदी उत्तम जमली होती. आणि नेमकं तेव्हाच हेडक्लार्कांचं पोट बोललं.

आता पोट कुणाचंही वाजतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे खोखोबाईंनाही मान्य होतं. पण हे पोट नुसतं वाजलं नाही. ते खर्जात सुरू झालं, पायरी पायरीनं वर चढलं, मध्ये जरा घुटमळलं आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखं टोकाला जाऊन थांबलं. तोवर बाईंनी तग धरला होता. पण तेवढ्यात मागचं दार ढकलून शिपाई आत आला, आणि त्या दाराच्या बिजागरीनं त्या प्रश्नाला इतकं सविस्तर, इतकं नाराजीच्या सुरात उत्तर दिलं, की बांध फुटला. हसू दाबायला गेल्यामुळं ते आधी नाकातून निघालं, मग तोंडातून, आणि मग जिथून वाट मिळेल तिथून. पुढच्या रांगेत जुन्या साहेबांच्या पत्नींनी रुमालात तोंड खुपसलं. त्यांचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले, आणि सगळ्यांनी मागं वळून खोखोबाईंकडं असं बघितलं, जसं काही जुन्या साहेबांना त्यांनीच मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो. "दिवंगत अधिकाऱ्यांना आदरांजली वाहतेसमयी आपण कार्यालयीन शिस्तीस बाधक असे हास्य केल्याने त्यांच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावल्या गेल्या आहेत. तरी आपला खुलासा सादर करावा."

बाईंनी खुलासा लिहिला, "पोट हेडक्लार्कांचे वाजले. दार शिपायाने ढकलले. मी फक्त तिथे होते." तो हेडक्लार्कांनी परत पाठवला. ऑफिसातला प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून वर जायचा, आणि ज्यात स्वतःच्या पोटाचा उल्लेख आहे असा कागद स्वतःच्या सहीनं पुढं पाठवणं त्यांना प्रशस्त वाटेना. "आशय बदलून सादर करावा," असा शेरा त्यांनी मारला. आता जे पोटात होतं त्याचा आशय बाई कसा बदलणार?

एवढ्यावर भागलं असतं. पण परीक्षण कक्षाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती, आणि नोकरीच्या वर्षांनी म्हणा, कामानं म्हणा, ती खोखोबाईंची होती. इतरांनी डोळे झाकून शिक्के मारलेले तराजू पुन्हा उघडून दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांच्यानंतर नंबर होता हेडक्लार्कांचा, ज्यांनी तराजूला हात फक्त सरकवायला लावला होता.

साहेबांनी बाईंना आत बोलावलं.

"बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण प्रमुखाच्या अंगी संयम हवा. उद्या मंत्री आले पाहणीला आणि तुम्ही हसलात तर?"

"ते मंत्र्यांवर अवलंबून आहे, साहेब."

साहेबांना हे मुळीच आवडलं नाही. निवड समिती बसायच्या आत समुपदेशकाचा दाखला आणा, भावनांवर ताबा आहे असा, म्हणाले; नाहीतर विसरा.

घरी ही बातमी जेवताना फुटली. खोखोबाईंचा नवरा विमा कंपनीत होता. कुठल्याही गोष्टीत त्याला आधी जोखीम दिसे आणि मग ती गोष्ट.

"अगं, पण हसायचंच कशाला?" तो म्हणाला. "हसू आलं की काहीतरी दुःखाचं आठवायचं. तुझे वडील आठव. डोळ्यांसमोर आण."

"दाढेखाली लवंग धर," सासूबाई म्हणाल्या. "तिखट लागलं की हसू पळतंय कुठल्या कुठं."

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तरीणबाई राहत. सल्ला द्यायला त्यांना कधी बोलवावं लागत नसे. जिन्यात नुसता "काय करावं बाई" असा उसासा टाकला तरी पुरे. त्यांनी दारातच खोखोबाईंचा कान धरून दाखवला. "हा असा पिळायचा. जोरात. चाळीसच्या चाळीस पोरं गप्प बसवलीयेत मी या हातानं."

"पण तेव्हा कान त्यांचे होते आणि हात तुमचा," खोखोबाई म्हणाल्या. हा मुद्दा मास्तरीणबाईंच्या लक्षात आला नाही. त्यांचा हात अजून कानावरच होता.

तरीही बाईंनी मनापासून प्रयत्न केले, हे नमूद करायला हवं. सोमवारच्या बैठकीत साहेब वार्षिक अहवाल वाचत होते, तेव्हा त्यांनी कान पिळून बघितला. साहेबांना वाटलं, बाईंना ऐकू येत नाहीये. त्यांनी आवाज चढवला. बाईंना त्याचंच हसू यायला लागलं, म्हणून त्यांनी आणखी पिळला. साहेबांनी आणखी चढवला. बैठक संपेपर्यंत साहेबांचा घसा बसला होता आणि बाईंचा कान टोमॅटोसारखा लाल. शेजारच्या ऑफिसातून मात्र एक जण येऊन विचारून गेला, की वार्षिक अहवालाची प्रत आम्हालाही मिळेल का, अर्धा तर ऐकलाच आहे.

लवंगेचा प्रयोग त्याहून वाईट. एकीनं काही होईना म्हणून बाईंनी तीन-चार कोंबल्या आणि जीभ लाकडासारखी बधिर झाली. नेमका तेव्हाच एक दुकानदार तराजू घेऊन आला. "याच्यावल थिक्का माल्ता येनाल नाई," बाईंनी त्याला कडक शब्दांत बजावलं. दुकानदार हसला. शिपाई हसला. हेडक्लार्कसुद्धा हसले, पोटासकट. नुसत्या एकट्या खोखोबाई हसल्या नाहीत, आणि त्याची कुठं नोंदही झाली नाही.

राहता राहिले वडील. नवऱ्याचं ऐकून बाईंनी बसथांब्यावर उभ्या उभ्या वडिलांना डोळ्यांसमोर आणलं. पण त्यांचे वडील दुःखाच्या कामाला उपयोगी पडणारे गृहस्थच नव्हते. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही आधी सांगा, मग तसंच वाटून घेतो." हे आठवलं आणि बाई एकट्याच फुटल्या. थांब्यावरच्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं आणि अख्खा बाक त्यांना मोकळा करून दिला. हसता हसता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे काही त्यांना ठरवता आलं नाही.

मग समुपदेशक. ही एक तरुण मुलगी होती आणि इतक्या हळू बोलायची, की तिच्यासमोर माणूस आपोआप पुढं झुकून नम्र दिसायला लागे. तिनं सांगितलं, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, की हा आजार नाही.

डॉक्टर म्हणाले, "माणसाला जो आजार नाही त्याच्या चिठ्ठ्या देत बसलो तर माझं आयुष्य पुरणार नाही. आजार असेल तर लिहून देतो."

"मग आजार आहे असं द्या."

"मग तुम्हाला रजेवर जावं लागेल."

"आणि रजेवर गेलं की समितीपुढं येता येत नाही," खोखोबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी थोडा विचार करून "हसते. बाकी ठीक." असं लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. आजवर बाईंना मिळालेल्या कागदांत हा सगळ्यात खरा होता.

समुपदेशक मुलीचं मात्र बाईंना कौतुक वाटलं. ती म्हणाली, "हसू दाबू नका. ते आलं की नुसतं बघा. पाहुणा आलाय, दारात उभाय. आत घ्यायचं की नाही, ते घरमालकानं ठरवायचं." बाईंनी ते घरी करून बघितलं. सासूबाई चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधत होत्या. हसू आलं, दारात उभं राहिलं, बाईंनी त्याला बघितलं. आणि नवल म्हणजे ते उभंच राहिलं! आयुष्यात पहिल्यांदा खोखोबाई एका मोठ्या हसण्यासमोर स्वस्थ बसल्या. दोन-चार आठवड्यांत त्यांना ते चांगलं जमायला लागलं आणि मुलीनं दाखला दिला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण साहेबांनी विनोद सांगितला.

साहेबांचा एकच विनोद होता. त्यात एक गिऱ्हाईक, एक दुकानदार आणि एक हरवलेलं वजन होतं, आणि तो दर तिमाही बैठकीच्या शेवटी येई. तो आला की सगळ्यांनी हसायचं, हे ऑफिसात कुठं लिहिलेलं नसलं तरी पाळलं जाई. आणि इतकी वर्षं या हसण्याचा कणा होत्या खोखोबाई. बाई त्या विनोदाला हसत नसत, तर तो ऐकताना हेडक्लार्क जो आश्चर्याचा चेहरा करत, त्याला हसत. त्या दिवशी मात्र हसू आलं, दारात उभं राहिलं आणि बाईंनी त्याला बघून तसंच माघारी धाडलं. त्यांच्याशिवाय बाकीच्यांचं हसणं इतकं पोकळ निघालं, की साहेब मध्येच थांबले.

"बाई, बरं नाही का?"

"बरं आहे, साहेब. ताबा ठेवतेय."

दुसऱ्या दिवशी दुसरा मेमो. "बैठकीतील खेळीमेळीच्या वातावरणास सहकार्य न केल्याबद्दल."

खोखोबाईंनी तो दोनदा वाचला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. आत पाहुणे होते. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"साहेब, हसले तर मेमो, नाही हसले तर मेमो. हसायचं कधी, ते मला एकदा लेखी द्या. परिपत्रकच काढा. मी टेबलाच्या काचेखाली ठेवते."

"तुम्ही वरिष्ठांशी बोलताय!"

"म्हणून तर लेखी मागतेय."

पाहुणे खोकले. साहेबांनी समितीत बघून घेण्याचं आश्वासन दिलं.

एक गोष्ट मात्र बाईंच्या मनात सलत होती. मेमोंचं काही नव्हतं, पण ते हलणारे खांदे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. जुने साहेब भले गृहस्थ होते. त्यांच्या बायकोला त्या दिवशी आपण रडवलं, हे ओझं घेऊन समितीपुढं जायचं नाही, असं ठरवून एका रविवारी त्या नवऱ्याला घेऊन तिच्या घरी गेल्या. नवऱ्याचं मत होतं की यात जोखीम आहे. तरी तो आला, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"वहिनी, मी माफी मागायला आलेय," खोखोबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी हसले. तुमच्या भावना दुखावल्या."

त्या बाईंनी आधी दोघांपुढं कॉफीचे कप ठेवले. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मेमोत लिहिलंय."

"माझ्या भावना मेमोत? मला विचारलं कुणी?" त्यांचा आवाज एकदम चढला. "हे गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. भाजीवालासुद्धा. कांद्याचा भाव असा सांगतो, जसा काही कांदाच गेलाय. आणि त्या दिवशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसते पडलेले चेहरे. मी म्हटलं, आता हे सगळं असंच राहणार. तेवढ्यात ते पोट वाजलं." त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. "यांचंही अस्संच वाजायचं. खर्जातून सुरू होऊन वर. रात्री मी कोपरानं ढोसायचे आणि म्हणायचे, 'अहो, तुमचा फोन आलाय.'"

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"रुमाल चावून फाडला मी! तुम्ही नुसत्या सुटलात म्हणून माझं झाकलं गेलं. नाहीतर साहेबांची बायको साहेबांच्याच शोकसभेत..." आणि पुढचं त्यांना बोलता येईना. त्या हसायला लागल्या. खोखोबाई तर कधीच्या हसत होत्या. मध्येच त्या बाईंचं हसणं मोडलं आणि त्या रडल्या, आणि रडता रडता, "तुमचा फोन आलाय," असं पुन्हा म्हणून पुन्हा हसल्या. खोखोबाईंनी त्यांचा हात धरला. नवरा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला. कुठल्या वेळी काय तोंड करायचं, ते त्याला ठरवता येत नव्हतं, आणि उगाच जोखीम नको म्हणून तो कॉफी पीत राहिला, कप कधीचा रिकामा झाला होता तरी.

जिना उतरताना तो म्हणाला, "झालं ना? आता समितीत नीट वाग."

"नीटच वागणारेय," खोखोबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून नवऱ्याला बरं वाटलं नाही.

समितीत तिघं होते. आपले साहेब, मुख्यालयातल्या एक बाई आणि बाहेरचे एक तज्ज्ञ. हे तज्ज्ञ कशातले, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. कामाचे प्रश्न झटपट आटपले, कारण बाईंच्या उत्तरांनंतर पुढचं विचारायला समितीलाच काही सुचेना. मग तज्ज्ञांनी दाखला उलटसुलट करून बघितला.

"कागदाचं काय, कुणीही देतं. आपण प्रत्यक्ष बघू. आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. या हसल्या नाहीत, तर मान्य."

साहेबांना ही युक्ती फार आवडली. चौघं उभे राहिले.

आणि काय सांगावं! साहेबांचं नाक श्वासागणिक बारीक शीळ घालायला लागलं. तज्ज्ञांनी डोळे मिटले आणि ते हळूहळू एका बाजूला कलायला लागले. टेबलावरची पेन्सिल घरंगळत कडेला आली, थांबली, जरा विचार केला आणि खाली पडली. तज्ज्ञ दचकून सरळ झाले. हसू आलं. हसू म्हणजे अख्खी वरातच आली आणि दारात उभी राहिली. खोखोबाईंनी तिच्याकडं शांतपणे बघितलं. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मुख्यालयातल्या बाईंचे मात्र कान लाल झाले होते आणि त्या खिडकीबाहेर एकटक बघत होत्या.

"शाब्बास!" साहेब खाली बसत म्हणाले. "बघा, मनात आणलं की जमतं."

"जमतं, साहेब," खोखोबाई म्हणाल्या. "पण ही शांतता कुणासाठी होती?"

"कुणासाठी म्हणजे?"

"आपण उभे राहिलो ना? कोण गेलं?"

साहेबांनी तज्ज्ञांकडं बघितलं. तज्ज्ञांनी दाखल्याकडं बघितलं. "कुणी नाही," तज्ज्ञ म्हणाले. "ती चाचणी होती."

"म्हणजे चार शहाणी माणसं, सगळी जिवंत असताना, कुणीही गेलेलं नसताना, तोंडं पाडून उभी राहिली. का, तर एक बाई हसते की काय ते बघायला." खोखोबाईंनी पर्स उचलली. "इतकी वर्षं हसू मला सुटायचं, साहेब. ते थांबवता येतं, हे आत्ता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आता जे येतंय, ते मी थांबवत नाहीये. ते मी सोडतेय. नोंद करून घ्या."

आणि त्या हसल्या. नाकातून नाही, कान पिळून नाही; चांगल्या पाठ ताठ करून, समितीकडं बघून, मनसोक्त. शेवटी साहेबांच्या शिळेची आठवण आली, तेव्हा आणखी थोडं. मग "येते हं," म्हणून दार हळूच लावून बाहेर पडल्या. बाहेर पुढच्या मुलाखतीसाठी हेडक्लार्क बसले होते. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. पोट सांभाळा," बाई म्हणाल्या.

निकाल लागला. जागा हेडक्लार्कांना मिळाली. खोखोबाईंच्या नावापुढं शेरा होता, "उमेदवाराकडे संयम आहे. परंतु त्या तो वापरत नाहीत." बाईंनी त्याच दिवशी मुख्यालयाकडं अपील केलं आणि त्यात एवढंच विचारलं, की ज्याच्याकडं तराजू आहे त्यानं तो कधी वापरायचा, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं की तराजूवाल्यानं? अपिलाची पोच आली. उत्तर यायचंय. तोवर बाई जुन्याच टेबलावर बसून नव्या प्रमुखांनी शिक्का मारलेले तराजू पुन्हा तपासतात, चुकलेले त्यांच्यासमोर नेऊन ठेवतात, आणि ते तराजूकडं बघून जो आश्चर्याचा चेहरा करतात त्याला मोठ्यानं हसतात. त्यावर अजून मेमो आलेला नाही. द्यायचा तर कशाबद्दल, ते कुणाला लिहिता येत नाहीये.

निकालाच्या संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झालं का काम?"

"नाही, आई. जागा हेडक्लार्कांना दिली."

"मग हसतेयस कशाला?"

"मनात आलं म्हणून."

सासूबाईंनी चष्मा सारखा करून सुनेकडं बघितलं. नवरा वर्तमानपत्राआड गेला.

"मग तोंडावर हात कशाला धरलायस?" सासूबाई म्हणाल्या. "हसायचंय तर नीट हस."

खोखोबाईंनी हात खाली घेतला. ते हसणं जिना ओलांडून समोरच्या घरात गेलं आणि मास्तरीणबाईंनी येऊन बाहेरून दारावर कडक टकटक केली. खोखोबाई उठल्या, आपल्या दारावर आतून तितकीच कडक टकटक केली, आणि पुन्हा हसायला बसल्या.